मुबलक आणि स्वस्त मनुष्यबळ

सोलापुरात उद्योग यावेत म्हणून छापलेलं कुठलंही पत्रक उघडा, चार गोष्टी त्यात हमखास सापडतात. पुणे-हैदराबाद महामार्ग, मध्य रेल्वेचं विभागीय ठाणं, आता नव्यानं विमानतळ, आणि चौथी ओळ : ‘मुबलक व स्वस्त मनुष्यबळ’. पहिल्या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. चौथी ओळ वाचली की मात्र डोकं फिरतं. ती खोटी असती तर हसून सोडून दिली असती. पण ती जवळपास दीडशे वर्षं खरी आहे, आणि गिरण्या गेल्यावर या शहराचं जे झालं त्यातलं बरंचसं या ओळीमुळंच झालं, असं माझं मत आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, 1877 साली सुरू झाली. मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी ती उभी केली. साल लक्षात घ्या. 1876 ते 78 च्या त्या भयंकर दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळत होता. कापूस जवळ होता, रेल्वे आलेली होती आणि भुकेनं माणसांना गावाबाहेर काढलं होतं. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या मिल आल्या. तेलंगणाच्या कोरड्या भागातून पद्मशाली विणकर कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले. साखर पेठ, दाजी पेठेत आजही सकाळी तेलुगू आधी कानावर पडते, मराठी नंतर. तरीही माणसं कमी पडत होती, तेव्हा इंग्रज सरकारनं आणखी एक सोय केली. ज्यांना कायद्यानं ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलं होतं, त्यांना तारेच्या कुंपणात आणून बसवलं. हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचं, पुन्हा कुंपणात यायचं. ते कुंपण 1952 साली तुटलं. वस्तीला मात्र लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

तर इथला कामगार आपोआप स्वस्त नव्हता. दुष्काळानं, स्थलांतरानं आणि काहींच्या बाबतीत चक्क तारेच्या कुंपणानं त्याला स्वस्त केलं. पत्रक छापणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसावा. ठाऊक असून ती ओळ लिहिली असेल, तर मग बोलणंच खुंटलं.

गिरणीनं या माणसांना काही दिलंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी संपली. ठरलेल्या तारखेला पगार, आजारपणाची रजा, चाळीतली खोली, बदली कामगार म्हणून लागलेल्या पोराला कायम होण्याची आशा. आणि एका छपराखाली हजारो माणसं एकत्र आली की ती फक्त सूत कातत नाहीत. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी काही दिवस इंग्रजी अंमलच बाजूला सारला, म्हणून इथं मार्शल लॉ लावावा लागला. त्या चळवळीत गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. स्वस्त म्हणून आणलेली माणसं अशी महागात पडू शकतात.

आणखी एक प्रसंग आज जवळजवळ विसरला गेला आहे. ऑगस्ट 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली. तेव्हा केंद्र सरकारनं ‘बाजाराचा प्रश्न आहे’ म्हणून हात झटकले नाहीत. या एका मिलसाठी आधी अध्यादेश आणि मग 1950 चा कायदा करून कारभार ताब्यात घेतला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 1950 मध्ये हरला. राज्यघटना लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढं 1953 मध्ये दुसऱ्या खटल्यात तो कायदा टिकला नाही आणि साठच्या दशकात जुनी मिल कायमची थांबली, हेही खरं. पण गिरणी बंद पडणं हा एका शहराच्या जगण्याचा प्रश्न आहे, असं मानून दिल्लीत कायदा करणारे लोक एकेकाळी होते. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचे भोंगे थांबले तेव्हा मोर्चे निघाले, देण्यांचे दावे लागले, आणि काही वर्षांनी त्या जागांच्या प्लॉटची चर्चा सुरू झाली.

मुंबईच्या गिरणगावाशी इथली तुलना हमेशा होते. मला ती निम्मीच पटते. परळ-लालबागची जमीन सोन्याची होती. 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे ठरले, 2001 मध्ये त्यात बदल झाला आणि मग जे काही उभं राहिलं ते आपण रोज पाहतो. तिथं रोजगार आलाच नाही असं नाही. भरपूर आला, पण गिरणी कामगाराच्या पोराला त्यातला बहुधा दारावरच्या पहारेकऱ्याचा आला. सोलापुरात जमिनीला तसा भाव नव्हता. म्हणून इथं काचेचे मनोरे आले नाहीत, आणि काम वेगळ्याच दिशेनं गेलं.

ते गल्लीत शिरलं. सोलापुरात काम संपलं नव्हतं, फुटलं होतं. एका छपराखालचे हजारो साचे बंद झाले, पण यंत्रमागांचा खडखडाट घराघरांतून चालूच राहिला. खाली माग, वर संसार. विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार झाले की कारखाने कायदा लागू व्हायचा, म्हणून एकाच मालकाचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटले गेले. कागदावर सगळेच छोटे. भविष्य निर्वाह निधी द्यायचा की नाही, हा वाद इथं वर्षानुवर्षं चालला. मालक म्हणायचे, हा आमचा कामगारच नाही. कामगार म्हणायचा, मग वीस वर्षं मी कुणाचे तागे उतरवतोय?

18 मे 2025 ला अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला पहाटे आग लागली. आठ माणसं गेली. त्यात मालकाच्या घरचे होते आणि कामगारांच्या घरचेही. दोष कुणाचा किती हे मी ठरवणार नाही. मला दिसतं ते एवढंच : मालक कारखान्यातच राहत होता आणि कामगारही. स्वस्ताईच्या या गणितात राहायची वेगळी जागा दोघांच्याही हिशेबात बसत नाही.

आता उलट बाजू पाहा. ऑक्टोबर 2017 मध्ये तेलंगणात वरंगळजवळ काकतीय टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली. तेव्हा तिथलं सरकार उघडपणे सांगत होतं की सुरत, भिवंडी, सोलापूरला गेलेले आमचे विणकर आम्हाला परत हवेत. म्हणजे आपण ज्याला ‘मुबलक व स्वस्त’ म्हणून पत्रकाच्या तळाशी छापतो, त्यालाच शेजारचं राज्य हाक मारून बोलावत होतं. जॅकार्डची पंचपट्टी (नक्षी ठरवणारी भोकांची पट्टी) बांधणारा, ताण्याचा एक धागा तुटला तर मागाच्या आवाजावरून ओळखणारा माणूस तयार व्हायला दोन पिढ्या जातात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते या हातांमुळं. मानांकनाची पाटी दुकानात लागली आणि हात दहा-बारा तासांच्या पाळीतच राहिले.

कारखानदारांचं म्हणणं मी ऐकत आलो आहे, आणि ते सगळंच खोटं नाही. वीज शेजारच्या राज्यांपेक्षा महाग पडते. पानिपतची पॉलिस्टर ब्लँकेटं चादरीला खातात. सोलापुरी नावानं दुसरीकडचा माल विकला जातो. सुताचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. अशात मजुरी वाढवली तर उद्या शटर खाली, असं ते म्हणतात. पण मग एवढंच विचारतो : मजुरी कमी ठेवून चादर वाचली का? वाचली असती तर मागांच्या गल्ल्यांमध्ये आज गोदामं आणि मंगल कार्यालयं दिसली नसती. मजूर स्वस्त मिळत राहिला म्हणून जुन्या धोट्याच्या मागाला हात लावावासा कुणाला वाटला नाही. नक्षीचं नवं डिझाइन करायला माणूस ठेवावा असंही वाटलं नाही. मोर, कमळ आणि चौकडी यांवर तीन पिढ्या निघाल्या. माझ्या आईच्या रुखवतातली चादर आणि परवा एका लग्नात आहेर म्हणून आलेली चादर शेजारी ठेवली, तर रंग सोडून फरक सांगता येणार नाही. चादर टिकाऊ असते हे मान्य. पण चाळीस वर्षं टिकणारी वस्तू विकायची असेल तर दुसरी घ्यायला काही कारण तरी द्यावं लागतं.

स्वस्ताईवर न जगणारे उद्योगही याच शहरात आहेत. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्याच्या वसाहतींमध्ये 1992 पासून वाढलेला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना इंजिनाचे कॅमशाफ्ट पुरवतो. त्यानं पुढं जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या कंपन्याही विकत घेतल्या. बालाजी अमाइन्स 1988 मध्ये सुरू झाली आणि तिची रसायनं परदेशात जातात. किर्लोस्करांचा बीड (ओतीव लोखंड) ओतण्याचा कारखाना इथं आहे. यातल्या पहिल्या दोघांना गुंतवणूक परिषदेत फुलांचा गुच्छ देऊन कुणी बोलावून आणलं नव्हतं. सोलापूर-धाराशिव पट्ट्यातच ती माणसं उभी राहिली, इथंच शिकवून घेतलेल्या पोरांवर वाढली. कॅमशाफ्ट घासणाऱ्या यंत्रावरचा मुलगा स्वस्त असून चालत नाही. एक मायक्रॉन चुकला तर माल परत येतो.

कोइंबतूरकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. तेही गिरण्यांचं गाव. पण गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांतून तिथं ओतशाळा झाल्या, मोटारी झाल्या, पंप झाले. गिरणीमालकांच्या घराण्यांनी पैसा तंत्रशिक्षणात घातला. 1926 मध्ये स्थापन झालेल्या पीएसजी न्यासाच्या संस्था आजही उभ्या आहेत. कापड मंदीत गेलं तेव्हा शहराकडं दुसरं काहीतरी होतं. आपल्याकडं वालचंद हिराचंद याच मातीतले. जहाज, विमान, मोटार, असं सगळं त्यांनी केलं, पण सोलापूरबाहेर. त्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय इथं आहे आणि तिथून दरवर्षी चांगली मुलं बाहेर पडतात. सकाळी साडेसहाला सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यांना पुण्याला नेते. चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी शहर रिकामं करण्याच्या कामाला लागली आहे, हे लिहिताना बरं वाटत नाही.

मग मोठा उद्योग का येत नाही? आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘विमान नाही म्हणून’. या विमानासाठी शहर दोन तट पडून भांडलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी धावपट्टीच्या आड येते म्हणून 15 जून 2023 ला ती पाडली. गिरणीची चिमणी म्हणजे भाकरी, असं ज्या गावात म्हटलं गेलं, तिथं रोजगारासाठी चिमणी पाडली गेली. विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झालं, जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, त्यानंतर मुंबईचं. चांगलं झालं. विमान हवंच होतं. पण आता ते कारण सांगता येणार नाही, हा त्याचा मला दिसणारा सर्वात मोठा फायदा.

खरं कारण नळाला आहे. सोलापूर जिल्ह्यात उजनी आहे, 117 टीएमसीचं धरण. जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सर्वाधिक. आणि शहरात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं तेव्हा पेढे वाटले होते. पेढे खाऊन हात धुवायला पिंपातलंच पाणी होतं. नवी समांतर जलवाहिनी टाकण्यात वर्षं गेली. आता टाक्यांचा आणि गल्लीबोळातल्या जुन्या वाहिन्यांचा प्रश्न आहे, त्याला किती वर्षं जातील देव जाणे. कारखान्याला पाणी औद्योगिक वसाहतीतून मिळेल, हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. पण कारखाना चालवायला येणारा माणूस वसाहतीत राहत नाही. त्याच्या घरचे विचारतात, शाळा कुठली आणि पाणी किती दिवसांनी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून ते सामान पुण्यातच ठेवतात. साहेब सोमवारी येतात आणि शुक्रवारी जातात. अशा साहेबाच्या मनात कारखाना वाढवायचा विचार आला तर तो चाकणला वाढवायचा येतो.

राज्यानं काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं, 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून साठ वर्षं आपण सवलती देतो आहोत. मागास तालुक्याला जास्त सवलत, मोठ्या गुंतवणुकीला त्याहून जास्त. त्यात मोजली जाते ती मुख्यतः गुंतवणूक. पण गुंतवणूक आणि नोकऱ्या या सवती आहेत, एकीला घर दिलं म्हणून दुसरी सुखी होत नाही. फताटेवाडीचा 1320 मेगावॉटचा वीज प्रकल्प पाहा. गुंतवणूक हजारो कोटींची, धूर जिल्ह्याचा, कायम नोकऱ्या मोजक्या. माझं म्हणणं इतकंच आहे की सवलत एकरावर आणि कोटींवर न देता पगारपत्रकावर द्यावी. ज्याच्याकडं भविष्य निर्वाह निधीचे पन्नास खातेदार आहेत आणि पुढच्या वर्षी ऐंशी होतात, त्या वाढलेल्या तीस जणांमागं वीज स्वस्त करा. तो बाहेरून आलेला असो की अशोक चौकातला. आज कागदावर छोटं राहण्यात फायदा आहे. तो फायदा मोठं होण्यात दिसला, तर मेहुण्याच्या नावावरचे माग आपोआप एका छपराखाली येतील.

याची सर्वात मोठी गरज मला दिसते ती शिवणकामात. गेल्या काही वर्षांत सोलापुरात शाळेच्या आणि कामगारांच्या गणवेशाचा धंदा चांगला वाढला. उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःची प्रदर्शनं भरवली, बाहेरच्या राज्यांतले आणि परदेशातले गिऱ्हाईक आणले. कुणी मोठी कंपनी आणली नाही, गावातल्या शिंप्यांनी आणि कापड दुकानदारांनीच केलं. (कापड मात्र बरंचसं भिलवाड्यासारख्या ठिकाणाहून येतं. विणकरांच्या गावात बाहेरचं कापड शिवलं जातं, यावर वेगळा लेख होईल.) या धंद्याला हात हवेत, आणि हात आहेत. पूर्व भागातल्या हजारो बायका अजून घरी बसून विडी वळतात. हजार विड्यांमागं मजुरी, त्यातून खराब विडी बाजूला काढायची, पत्ती कमी पडली तर पदरची आणायची. त्यांच्या मुलींना विडी वळायची नाही. बारावी झालेली मुलगी तंबाखूच्या वासात बसायला तयार नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण ती शिवण कारखान्यात पोचणार कशी? असंघटित कामगारांसाठी कुंभारीजवळ रे नगर उभं राहतंय, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. त्याआधी गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची दहा हजार घरं तिथंच झाली होती. या वसाहतींमागचे माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो, देशात कामगारांच्या घरांची एवढी मोठी वसाहत दुसरी दाखवणं अवघड आहे. घर झालं. काम मात्र शहरात राहिलं आणि मधे रिक्षाचं भाडं आलं. दिवसाच्या मजुरीतून जाण्यायेण्याचे पैसे वजा केले की घरी बसून वळलेली विडी पुन्हा परवडायला लागते. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या जागी पाळणाघर हवं, असं 2017 पासून कायदा सांगतो. आपले बहुतेक कारखाने पन्नासच्या आत राहून त्यातून सुटतात. दहा कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायला कायद्याची आडकाठी नाही. महापालिकेनं जागा द्यावी, औद्योगिक वसाहतीनं खर्चातला वाटा उचलावा.

आयटी पार्कची घोषणा 2025 मध्ये झाली आहे. झालं तर आनंदच आहे. पण कुंभारीच्या वस्तीतून वसाहतींपर्यंत पाळीच्या वेळेला धावणाऱ्या वीस बसगाड्या, दोन पाळणाघरं, आणि गणवेशवाल्यांना सामायिक कटिंग-डाईंगची सोय, याला आयटी पार्कच्या कुंपणाइतकाही खर्च यायचा नाही. हे मोठं वाटत नाही, त्याची कोनशिला बसवता येत नाही, म्हणून ते होत नाही, असा मला संशय आहे.

पत्रकाचा पुढचा मसुदा कुणीतरी कुठल्या तरी कार्यालयात करतच असेल. त्यांना माझी एक सूचना आहे. चौथी ओळ काढा आणि त्या जागी लिहा : ‘पाणी रोज, सकाळी सहा ते आठ.’ हे लिहिता येत नसेल, तर ती जागा तोवर कोरी ठेवा.